मजाही देईल आणि कामालाही येईल अशी सेडान कशी निवडाल

रोजच्या वापरातल्या गाडीची मजा ताशी ३० ते ९० किलोमीटरच्या पट्ट्यात असते. स्टिअरिंग जरा वळवलं की नाक लगेच वळलं, ॲक्सिलरेटर जेवढा दाबला तेवढाच ओढा मिळाला, खड्ड्यातून गेल्यावर बॉडी एका हेलकाव्यात शांत झाली, तर १०० पीएसची (पीएस म्हणजे इंजिनाच्या ताकदीचं माप, जवळपास हॉर्सपॉवरएवढंच) गाडीही मनापासून चालवावीशी वाटते. यातलं काही बिघडलेलं असेल तर २५० पीएसची गाडी सुरुवातीचे काही दिवस भुरळ घालते आणि मग नुसतं पेट्रोल पिते. त्यामुळे माहितीपत्रकातला पीएसचा आकडा आधी बाजूला ठेवा. तो उपयोगी पडतो, पण बराच नंतर.

सेडानची जमेची बाजू तिच्या बसक्या ठेवणीत आहे. वळणावर बाहेरच्या चाकांवर किती वजन सरकतं हे गुरुत्वमध्याच्या उंचीवर आणि दोन चाकांमधल्या अंतरावर ठरतं. गुरुत्वमध्य खाली असला की गाडीचं कलणं आवरायला स्प्रिंग फार कडक ठेवावी लागत नाही. उंच क्रॉसओव्हरला (एसयूव्हीसारख्या गाडीला) तोच ताबा हवा असेल तर स्प्रिंग किंवा अँटी-रोल बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडून कलणं आवरणारी सळई) कडक करावा लागतो आणि त्याचे धक्के मागे बसलेल्यांना सोसावे लागतात. म्हणजे सेडानमध्ये आराम आणि मजा एकमेकांच्या मुळावर येत नाहीत. त्यांचं भांडण लावतात ती मोठी चाकं आणि ‘स्पोर्ट’ नावाची पॅकेजेस.

आधी मेजरिंग टेप

गाडी बघायला जाताना मेजरिंग टेप आणि घरातली सगळ्यात मोठी कडक बॅग सोबत न्या. विचित्र वाटेल, पण डिकीचे लिटर फसवे असतात. जर्मन व्हीडीए पद्धतीत डिकी २०० × १०० × ५० मिलिमीटरच्या, म्हणजे प्रत्येकी एक लिटरच्या ठोकळ्यांनी भरून मोजतात. ठोकळे कोनाकोपऱ्यात बसतात, बॅग बसत नाही. ५०० लिटरची डिकी असूनही तोंड अरुंद असेल तर ७५ सेंटिमीटरची बॅग आडवी आत जात नाही. म्हणून तोंडाची सगळ्यात अरुंद जागची रुंदी, झाकणाच्या कडेपासून खालच्या उंबऱ्यापर्यंतची उंची आणि जमिनीपासून त्या उंबऱ्याची उंची, अशी तीन मापं घ्या. झाकणाचे बिजागर हंसाच्या मानेसारखे वाकडे असतील तर झाकण बंद होताना ते डिकीत शिरतात आणि बॅगेवर टेकतात. चार सळ्यांचे बिजागर आणि गॅस स्ट्रट असतील तर ही कटकट नसते.

मागची सीट ६०:४० दुमडते असं लिहिलेलं असतं, पण दुमडल्यावर उघडणारं भोक केवढं आहे ते बघा. बॉडी मजबूत राहावी म्हणून सीटमागे पत्र्याची चौकट असते आणि काही गाड्यांत ती इतकी जाड असते की सायकलचं चाकही तिरकं करून घालावं लागतं. सामान वारंवार न्यायचं असेल तर स्कोडा ऑक्टेव्हियासारख्या गाड्या बघा. दिसायला सेडान, पण मागची काच झाकणासकट उघडते.

मागच्या सीटची परीक्षा एकच. पुढची सीट स्वतःच्या उंचीला लावा आणि तिच्या मागे स्वतः बसा. गुडघ्यापुढे चार बोटं जागा हवी. मग कोणाला तरी पुढची सीट अगदी खाली न्यायला सांगा आणि आपले पाय तिच्याखाली जातात का ते बघा. ड्रायव्हरने सीट खाली घेतली की मागच्याचे पाय अडकतात, आणि गाडी चालवायची हौस असलेला माणूस सीट खालीच घेतो. सनरूफमुळे डोक्यावरची दोन-चार सेंटिमीटर जागा जाते. उंच माणसांनी सनरूफ असलेल्या आणि नसलेल्या, दोन्ही व्हेरिएंटमध्ये बसून बघावं. लहान मूल असेल तर मागे तोंड करून बसवायची चाइल्ड सीट प्रत्यक्ष आयसोफिक्सला (ती अडकवायला सीटमध्ये असलेल्या कड्यांना) लावून बघा. ती लावल्यावर पुढची सीट बरीच पुढे सरकवावी लागते आणि तिथल्या माणसाचे गुडघे डॅशबोर्डला टेकतात.

भारक्षमता कोणी बघत नाही. गाडीचं कमाल मान्य वजन उणे रिकामं वजन म्हणजे तुमचा वाटा. प्रत्येकी ७५ किलोची पाच माणसं ३७५ किलो, वर सामान ६० किलो, झाले ४३५. काही कंपन्या रिकाम्या वजनात ७५ किलोचा ड्रायव्हर आधीच धरतात, तेव्हा तळटीप वाचा. वरच्या व्हेरिएंटमधलं काचेचं छत, इलेक्ट्रिक सीट आणि मोठी चाकं याच वाट्यातून वजा होतात.

ताकद किती पुरे

पीएसला गाडीच्या टनांनी भागा. ११५० किलोची गाडी आणि ११५ पीएस, म्हणजे टनामागे १००. १४५० किलो आणि १५० पीएस, म्हणजे साधारण १०३. कागदावर दोन्ही सारख्याच. आता दोन्हीत माणसं आणि सामान मिळून ३५० किलो भरा. पहिली ७७ वर येते, दुसरी ८३ वर. हलकी गाडी एकट्याने चालवायला मस्त असते, पण भरल्यावर तिची घसरण जास्त होते. एकटे-दुकटेच फिरत असाल तर हलकी घ्या. चार जण आणि घाट हे नेहमीचं असेल तर भरलेल्या गाडीचा आकडा ७५ च्या खाली जाऊ देऊ नका. ६० च्या आसपास आलात की प्रत्येक ओव्हरटेकला आधी हिशेब मांडावा लागतो.

शून्य ते शंभरपेक्षा ८० ते १२० चा वेळ महत्त्वाचा. या टप्प्यात सरासरी वेग सेकंदाला २८ मीटर धरला, तर ८ सेकंदांत गाडी सुमारे २२० मीटर जाते आणि १२ सेकंदांत ३३० मीटर. ओव्हरटेक करताना समोरच्या लेनमध्ये घालवायचं हे अंतर आहे.

टॉर्कचा (इंजिनाच्या पिळाच्या जोराचा) आकडा कुठल्या आरपीएमला (मिनिटाला किती फेऱ्यांवर) मिळतो ते बघितल्याशिवाय त्याला अर्थ नाही. न्यूटन-मीटर गुणिले आरपीएम भागिले ९५४९ केलं की किलोवॅट मिळतात. २५० न्यूटन-मीटर देणारं टर्बो (हवा दाबून भरणारं) इंजिन २००० आरपीएमला ५२ किलोवॅट, म्हणजे ७१ पीएस देतं. त्याच आरपीएमला १२५ न्यूटन-मीटर देणारं साधं इंजिन त्याच्या निम्मं. गर्दीत टर्बो सोपं जातं ते यामुळे. पण साधं इंजिन पायाच्या हालचालीला ताबडतोब उत्तर देतं आणि ६५०० पर्यंत गात चढतं. टर्बोला हवेचा दाब साठायला क्षणभर लागतो आणि बरीच छोटी टर्बो इंजिनं ५५०० नंतर दमतात. दोन्हीत मजा आहे, मात्र वेगवेगळी. गिअर स्वतः टाकायची आवड असेल त्याने साधं इंजिन एकदा तरी चालवावं.

गिअरिंगचा हिशेब घरी बसून करता येतो. १६ इंची नेहमीच्या टायरचं चाक ताशी १०० ला मिनिटाला सुमारे ८६० फेरे घेतं. टॉप गिअरचं गुणोत्तर ०.७५ आणि फायनल ड्राइव्ह (गिअरनंतरच्या शेवटच्या जोडीचं गुणोत्तर) ४.१ असेल तर इंजिन साधारण २६५० वर चालतं. ठीक आहे. हाच आकडा ३२०० च्या वर गेला तर लांबच्या प्रवासात कान किटतात. दुसऱ्या गिअरचं गुणोत्तर १.९५ असेल तर रेडलाइनपर्यंत (इंजिनाच्या कमाल आरपीएमपर्यंत, इथे ६५००) गाडी ९५ च्या आसपास पोचते, म्हणजे घाटात दुसरा-तिसरा टाकत खेळता येतं. ॲव्हरेज वाढवण्यासाठी दुसरा गिअर फार लांब केलेला असेल तर इंजिन कितीही चांगलं असो, गाडी मंद वाटते.

सस्पेन्शन: सगळं इथेच ठरतं

पुढे बहुतेक सगळ्या सेडानना मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक एकाच खांबात) असतो. स्वस्त, आटोपशीर, इंजिनाला जागा ठेवणारा. डबल विशबोनमध्ये (चाकाला वर आणि खाली असे दोन आर्म) गाडी कलली तरी टायर रस्त्याला जास्त सपाट टेकून राहतो, पण जागा आणि खर्च वाढतो. होंडाने सिव्हिकचं पुढचं डबल विशबोन २००१ च्या पिढीत सोडलं, अकॉर्डचं २०१३ च्या पिढीत. त्यानंतरच्याही सिव्हिक चालवायला उत्तम निघाल्या, तेव्हा नुसत्या नावावरून निकाल देऊ नये.

मागच्या बाजूला फरक जास्त जाणवतो. टॉर्शन बीममध्ये दोन्ही मागची चाकं एका वळू शकणाऱ्या आडव्या तुळईने जोडलेली असतात. वळणात एका चाकाखाली खड्डा आला की दुसरंही हलतं आणि मागचा भाग बाजूला उडी मारल्यासारखा सरकतो. मल्टिलिंकमध्ये प्रत्येक चाक स्वतंत्र, शिवाय पुढे-मागे जरा लवणारे बुश (रबरी सांधे) देता येतात, म्हणून खड्डा मऊ लागतो आणि वळणात चाकाची दिशाही टिकते. एकाच मॉडेलमध्ये दोन्ही प्रकार असू शकतात, इथे लोक फसतात. फोक्सवॅगनच्या २०१८ पासूनच्या जेटामध्ये नेहमीच्या व्हेरिएंटना टॉर्शन बीम आहे आणि जीएलआय या स्पोर्टी व्हेरिएंटला मल्टिलिंक. २०२० च्या दशकातल्या ह्युंदाई एलांट्रातही साध्या गाडीला बीम आणि एन-लाइनला मल्टिलिंक. परीक्षण एका व्हेरिएंटचं वाचलं आणि गाडी दुसऱ्याच व्हेरिएंटची घेतली, असं होऊ देऊ नका. शोरूममध्ये विचारण्यापेक्षा खाली वाकून बघा. मागच्या चाकांच्या मध्ये एक जाड आडवी तुळई सलग गेलेली दिसली तर बीम, तीन-चार बारीक आर्म दिसले तर मल्टिलिंक.

तरी बीम म्हणजे वाईट असं धरून चालू नका. माझदाने २०१९ च्या माझदा ३ मध्ये मल्टिलिंक काढून टॉर्शन बीम आणला आणि गाडी वळणात नेटकीच राहिली. बीमचे सुटे भाग कमी, झिजणारे बुश कमी, डिकीचा तळ खाली आणि सपाट. रस्ते चांगले असतील तर फरक कळणारही नाही. तुटक्या रस्त्यावर वळणं घ्यायची असतील तर कळेल.

खरी जादू शॉकॲब्सॉर्बरमध्ये असते आणि ती कुठल्याही माहितीपत्रकात छापत नाहीत. स्प्रिंग वजन पेलते, शॉक तिची उसळी शमवतो. मऊ स्प्रिंग आणि नीट ट्यून केलेला शॉक ही सगळ्यात चांगली जोडी. चाक खड्ड्यात जाऊन येतं, बॉडी एकदाच खालीवर होते, आणि आत बसलेल्यांच्या पोटातलं पाणी हलत नाही. शॉक ढिला असेल तर उंचवट्यानंतर गाडी दोन-तीन वेळा डोलते. फार कडक असेल तर बारीक खडबडीतपणाही मणक्यापर्यंत पोचतो आणि वळणात टायर रस्ता सोडत उड्या मारतो, म्हणजे पकड उलट कमी होते. जाड अँटी-रोल बारची वेगळी खूण आहे. एकाच बाजूच्या चाकाखाली उंचवटा आला की डोकं डावी-उजवीकडे झटकलं जातं. थोडं कलणं वाईट नाही. हळूहळू कलून एका जागी स्थिर राहणारी गाडी ड्रायव्हरला पकड किती उरली ते सांगत राहते.

इलेक्ट्रॉनिक ॲडॅप्टिव्ह शॉक चांगले असतात, पण ते खराब झाले की साध्या शॉकच्या कित्येक पट खर्च येतो. दहा वर्षं गाडी ठेवायची असेल तर साधे शॉक असलेलं नीट ट्यून केलेलं व्हेरिएंट घ्या.

चाकं मोठी, मजा छोटी

एकाच गाडीला येणारी तीन मापं बघा. २०५/५५ आर१६ चा बाहेरचा व्यास सुमारे ६३२ मिलिमीटर, २२५/४५ आर१७ चा ६३४, २२५/४० आर१८ चा ६३७. चाक बाहेरून तेवढंच, पण टायरची भिंत ११३ वरून १०१ आणि मग ९० मिलिमीटरवर येते. खड्ड्याच्या कडेवर आदळल्यावर रिम वाचवायला असते ती हीच भिंत. ती कमी झाली की टायरचे धागे रिम आणि कडेच्या मध्ये चिमटले जाऊन तुटतात आणि बाजूला फुगा येतो. असा टायर दुरुस्त होत नाही, टाकावाच लागतो. शिवाय १८ इंची चाक-टायर १६ इंचीपेक्षा साधारण २ ते ४ किलोने जड, तेही स्प्रिंगच्या खाली आणि फिरणारं वजन. मोठ्या चाकांच्या व्हेरिएंटचं वळण्याचं वर्तुळही बऱ्याचदा मोठं असतं, कारण रुंद टायर आत घासू नये म्हणून स्टिअरिंगचा लॉक (चाकं जास्तीत जास्त किती वळतील ती मर्यादा) कमी ठेवतात.

आमचं मत स्पष्ट आहे: १६ किंवा १७ इंच, त्यावर उत्तम टायर. १८ इंची चाकांच्या पर्यायाला जे पैसे जातात त्यात पहिल्या दर्जाचे चार टायर येतात, आणि ओल्या रस्त्यावरचं ब्रेकिंग ज्याने सुधारतं ते टायरच. थोडा अरुंद टायर हळूहळू घसरायला लागतो आणि आधी सूचना देतो. शहाण्या वेगात मजा हवी असेल तर हे वरदान आहे.

टायर बदलताना लोड इंडेक्स आणि वेगाचं अक्षर मूळ टायरपेक्षा कमी नको. ९१ व्ही म्हणजे एका टायरला ६१५ किलो आणि ताशी २४० किलोमीटर. उत्पादनाची तारीख भिंतीवरच्या चार अंकी शिक्क्यात असते. २३२४ म्हणजे २०२४ चा २३ वा आठवडा. रन-फ्लॅट टायर (पंक्चर झाल्यावरही थोडं अंतर चालणारे) असलेल्या गाडीत बहुधा स्टेपनी नसते आणि त्यांची भिंत कडक असल्याने गाडी ठोकरत चालते, हे लक्षात घेऊनच घ्या.

स्टिअरिंग आणि ब्रेक

एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत स्टिअरिंग किती वेळा फिरतं ते मोजा. २.३ ते २.८ फेरे असतील तर गाडी चटपटीत, तीनच्या वर गेली की रस्त्यावरच्या छोट्या वळणातही हात उलटसुलट करावे लागतात. इलेक्ट्रिक मदतीची मोटर स्टिअरिंगच्या दांड्यावर, डॅशबोर्डच्या आत असेल तर रस्त्याची जाणीव बहुधा बोथट असते. खाली रॅकवर असेल तर जास्त स्वच्छ. ‘स्पोर्ट’ मोडमध्ये स्टिअरिंग जड होतं, बोलकं होत नाही. सरळ जाताना मधोमध किती ढिलाई आहे आणि वळणानंतर हात सैल सोडल्यावर चाक आपणहून मध्यावर येतं का, या दोन गोष्टी जास्त सांगतात.

ब्रेकचं बहुतेक काम, साधारण ७० टक्के, पुढची चाकं करतात. त्यामुळे हलक्या गाडीला मागे ड्रम असले म्हणून बिघडत नाही. पेडलचा दाब वाढेल तसा ब्रेक वाढला पाहिजे. पहिल्याच सेंटिमीटरला दात ओठात रुतवणारे ब्रेक शोरूमभोवतीच्या फेरीत जोरदार वाटतात आणि रहदारीत डोकं उठवतात. घाट नेहमीचा असेल तर ब्रेक ऑइलकडे लक्ष ठेवा. डॉट ४ चा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० अंश, पाणी शोषल्यावर १५५ अंश सेल्सिअस. उतारावर ब्रेक तापून पेडल एकदम मऊ पडतं ते त्यात वाफेचे बुडबुडे झाल्यामुळे. दर दोन वर्षांनी बदलणं यासाठीच.

गिअरबॉक्स

मॅन्युअल घेणार असाल तर क्लच कुठे पकडतो ते बघा, तळाशी किंवा अगदी वर नको. आणखी एक दोष आजकाल खूप दिसतो. गिअर बदलताना पाय उचलला तरी आरपीएम वर लटकून राहतात आणि पुढचा गिअर झटका देऊन बसतो. प्रदूषण कमी करण्यासाठी थ्रॉटल मुद्दाम हळू बंद करतात, त्याचा हा परिणाम. सवयीने थोडा आवरता येतो, दुरुस्त होत नाही.

ऑटोमॅटिकमध्ये टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्स तेलातून जोडणारा) आता सगळ्यांत बिनकटकटीचा. गर्दीत मऊ, आणि सहा-आठ गिअरचे नवे बॉक्स पुरेसे चपळ. ड्युअल क्लचचे (आळीपाळीने चालणारे दोन क्लच असलेल्या बॉक्सचे) गिअर सगळ्यात झटपट पडतात. पण त्यात कोरडे क्लच असतील तर रोजच्या मुंगीच्या चालीत ते सतत अर्धवट घसरत राहतात, तापतात आणि झिजतात. असा बॉक्स असेल तर गर्दीत पुढच्या गाडीला चिकटत सरकण्यापेक्षा दोन गाड्यांची जागा होऊ द्यावी, मग एकदम पुढे जावं. तेलात बुडालेले क्लच ही उष्णता जास्त चांगली सोसतात. सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला बॉक्स) शहरात अतिशय सुखाचा आणि ॲव्हरेजला चांगला, पण ॲक्सिलरेटर जोरात दाबला की आरपीएम आधी चढून आवाज सुरू होतो आणि वेग मागून येतो. एएमटी म्हणजे मॅन्युअल बॉक्सलाच बसवलेला यंत्राचा हात. गिअर बदलण्याच्या क्षणी पाय थोडा उचलला तर मान हलणं कमी होतं. मजेच्या यादीत तो शेवटचा.

ऑटोमॅटिकला स्टिअरिंगमागे गिअर बदलायचे पॅडल असतील तर मॅन्युअल मोडमध्ये रेडलाइनला बॉक्स गिअर धरून ठेवतो की आपणच वर टाकतो ते तपासा. आपणच टाकत असेल तर पॅडल शोभेचे.

पुढची चाकं की मागची, हा वाद कितीही रंगला तरी व्यवहारात पुढच्या चाकांच्या सेडानना मागच्या सीटमध्ये मधला उंचवटा लहान आणि डिकी मोठी मिळते. वजन साधारण ६०:४० पुढे असतं, तेव्हा वळणात शिरताना घाई केली तर नाक बाहेर जातं. जोरदार इंजिन असेल तर लिमिटेड स्लिप डिफरन्शिअल असलेलं व्हेरिएंट शोधा, उदाहरणार्थ सिव्हिक एसआय किंवा जेटा जीएलआय. नाहीतर वळणातून बाहेर पडताना आतलं चाक नुसतं फिरतं. मागच्या चाकांची बीएमडब्ल्यू ३ सीरीजसारखी गाडी हातात वेगळीच वाटते यात वाद नाही, पण तिच्या मागच्या सीटवर मधला माणूस सुखी नसतो.

इलेक्ट्रिक सेडानमध्ये बॅटरी तळाला असल्याने गुरुत्वमध्य खाली आणि प्रतिसाद तत्काळ. मात्र वजन शेकडो किलोंनी जास्त, टायर लवकर झिजतात, आणि जमीन वर आल्याने मागे बसणाऱ्याच्या मांड्या सीटवर टेकत नाहीत. हायब्रिडमध्ये ब्रेक पेडलचा नैसर्गिकपणा तपासा, अगदी कमी वेगाला थांबताना झटका येतो का ते.

टेस्ट ड्राइव्ह

निदान ४० मिनिटं हवीत आणि मागे दोन माणसं हवीत. निघण्यापूर्वी दारावरच्या पट्टीप्रमाणे टायरमधली हवा तपासून घ्या. वाहतुकीसाठी जास्त भरलेली हवा तशीच राहिलेली असते आणि मग चांगली गाडीही दगडासारखी चालते.

बसण्याची जागा नीट लावा. पाठ टेकलेली असताना मनगट स्टिअरिंगच्या माथ्यावर आलं पाहिजे, क्लच पूर्ण दाबल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. स्टिअरिंग पुढे-मागे होत नसेल, फक्त वर-खाली होत असेल, तर अनेकांना ही दोन्ही मापं एकत्र साधत नाहीत. पेडल एका बाजूला सरकलेले असतील तर तासाभराने कंबर सांगेल. खालच्या व्हेरिएंटवर इथेच फुली पडते.

रेडिओ आणि एसीचा पंखा बंद करून २० च्या वेगाने तुटक्या रस्त्यावरून जा. एकदा ‘धप्’ असा आवाज चालेल, ‘खडखड’ नको. मग एकाच बाजूची चाकं गतिरोधकाच्या टोकावरून न्या आणि डोकं किती झटकतं ते बघा. मोकळ्या वळणावर ४० च्या वेगाने स्टिअरिंग एका जागी धरून ठेवा. सारख्या बारीक दुरुस्त्या कराव्या लागत असतील तर ती गाडी लांबच्या प्रवासात थकवणार. त्याच वळणात पाय हलका केला की नाक जरा आत आलं पाहिजे. ३० वरून शून्यावर असं थांबा की मागच्यांची मान हलणार नाही. दोन-तीन प्रयत्नांत जमलं नाही तर दोष ब्रेकच्या ट्यूनिंगचा. तिसऱ्या गिअरमध्ये ५० वरून ९० पर्यंत ओढा, ऑटोमॅटिकमध्ये पाय पूर्ण दाबा आणि गाडी निघायला किती वेळ घेते ते मोजा. मागे कोणी नसताना, सोबतच्यांना सांगून, ६० वरून एकदा जोरात ब्रेक लावा. स्टिअरिंग सरळ राहायला हवं. शेवटी गाडी मागे घेऊन पार्क करा. उतरत्या छताच्या सेडानमध्ये मागची काच फटीएवढी दिसते आणि कॅमेऱ्यावर पाणी साचलं की तेवढाच आधार उरतो.

दोन-तीन गाड्या एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर चालवा, आणि सगळ्यात आधी चालवलेली पुन्हा शेवटी चालवा. पहिलीचं मत तुलनेविना बनलेलं असतं.

सेकंडहँड घेताना

मजेच्या बाबतीत तीन-चार वर्षं वापरलेली वरची सेडान नव्या साध्या सेडानपेक्षा पुष्कळ देऊन जाते, पण तपासणी कडक हवी. आधी टायर वाचा. चार चाकांना चार कंपन्यांचे स्वस्त टायर म्हणजे बाकीच्या देखभालीतही हात आखडलेला. फक्त आतली कड झिजली असेल तर बिघडलेली अलाइनमेंट (चाकांच्या कोनांची जुळणी) किंवा वाकलेला आर्म, जागोजागी खळगे पडले असतील तर शॉक संपले. मऊ पडलेले शॉक आणि फाटलेले लोअर आर्मचे बुश बदलले की गाडी परत नव्यासारखी होते, त्यामुळे या दोषांवर घासाघीस करा, गाडी सोडू नका. पेडल सोडल्यावर क्लचच्या बाजूने खडखड येत असेल तर बहुधा ड्युअल मास फ्लायव्हील (इंजिन आणि क्लचमधली दोन भागांची जड चकती) गेलेलं, हा मात्र मोठा खर्च. ब्रेक डिस्कच्या कडेला नखाला लागेल असा उंबरा असेल तर डिस्क बदलायची वेळ आली. किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते.

ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातल्या नोंदी वाचणारं यंत्र) लावून फक्त फॉल्ट कोड बघू नका. रेडीनेस मॉनिटर (गाडीने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्या का ते सांगणाऱ्या नोंदी) अपूर्ण दाखवत असतील तर कोड नुकतेच पुसले असावेत. डायरेक्ट इंजेक्शनच्या पेट्रोल इंजिनात इनटेक व्हॉल्व्हवर कार्बन साचतो, कारण तिथे पेट्रोल पडून तो धुतला जात नाही. थंड इंजिन थरथरत असेल तर हे एक कारण. टायमिंग बेल्ट असेल तर बदलल्याची पावती मागा.

खाली बसवलेली, म्हणजे स्प्रिंग कापलेली किंवा लोअरिंग स्प्रिंग टाकलेली गाडी टाळाच. मूळ शॉकवर छोट्या स्प्रिंग टाकल्या की सस्पेन्शन बम्प स्टॉपवर (शेवटच्या रबरी अडथळ्यावर) आदळत राहतं, मॅकफर्सनचे आर्म वरच्या कोनात जातात आणि गाडी खाली असूनही वळणात उलट जास्त कलायला लागते. शॉकचं आयुष्य तर अर्ध्यावर येतं.

घेतल्यावर

पहिल्या टायरजोडीपर्यंत काहीही बदलू नका, फक्त फोर-व्हील अलाइनमेंट करून छापील अहवाल मागा. कमाल-किमान मर्यादेच्या आत असणं पुरेसं नसतं. डावीकडचा आणि उजवीकडचा आकडा सारखा असला पाहिजे, नाहीतर गाडी एका बाजूला ओढत राहते. टायर संपले की चांगले टायर घ्या. त्यानंतर, घाट चालवत असाल तरच, थोडे वरच्या दर्जाचे ब्रेक पॅड, पण रेसिंगचे नकोत, ते थंड असताना नीट लागत नाहीत आणि किंचाळतात. पाच जण आणि पूर्ण डिकी घेऊन निघताना मागच्या टायरची हवा दारावरच्या पट्टीतल्या ‘पूर्ण भार’ या रकान्याप्रमाणे वाढवा, बऱ्याच गाड्यांत हा फरक ५ ते ७ पीएसआयचा असतो, आणि परतल्यावर ती पुन्हा कमी करा, नाहीतर रिकाम्या गाडीचं मागचं टोक ओल्या वळणात लवकर सुटतं.